हळवे आणि गरवे
(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या कुंभिवली येथे भरलेल्या वार्षिक संमेलनातील भाषण)



चिटणीसांचे पत्र हाती पडले तेव्हा प्रथम मला ती थट्टाच वाटली. वजन उतरविण्याच्या कामी फळ लवकर दिसेनासे झाले म्हणजे चिकाटी कशी टिकवावी, या विषयावर मी चार शब्द बोलावेत असे त्यांनी लिहिले होते. मी उलट टपाली कळविले की, महाराज, या कामी यश मिळविलेला कोणी सडपातळ गृहस्थ शोधा. मजसारख्याला व्यासपीठावर उभे केलेत तर भाषणाआधीच हशा पिकेल. त्यावर त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले. "ज्यांचे लवकर उतरले त्यांना चिकाटीची गरजच पडली नाही. तुम्हीच या." या उत्तरापुढे माझा निरुपाय झाला आणि म्हणून आज कुंभिवलीच्या या मंडपात मी आपणांपुढे उभा आहे.

प्रारंभीच माझा ताळेबंद सांगून टाकतो, म्हणजे कोणाचा गैरसमज व्हावयास नको. तीन वर्षांपूर्वी माझे वजन ब्याण्णव किलो होते. आज ते चौऱ्याऐंशी आहे. छत्तीस महिन्यांत आठ किलो, म्हणजे महिन्याला पावशेरही नाही. खोपोलीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे हिशेबनीस म्हणून मी काम केले, तेव्हा आकड्यांची चलाखी मला येत नाही असे नव्हे; परंतु या आकड्याला कितीही सजविले तरी तो देखणा होत नाही. तो जसा आहे तसाच मी आपणांपुढे ठेवतो, आणि माझे आजचे सारे बोलणे या एका कुरूप आकड्याच्या बाजूने आहे.

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्नच ठाऊक नव्हता. हा रायगड जिल्हा पूर्वी कुलाबा म्हणून ओळखला जाई. हे नवे नाव त्याला १९८१ साली मिळाले. त्या कुलाबा जिल्ह्यात, या खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात, आमच्या वडिलांचा दिवस पहाटेच्या पेजेने सुरू होई आणि अंगातले बळ संपले म्हणजे संपे. चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी. मधल्या दिवसांत लाकूडफाटा आणि माळावरची कामे. आईच्या वाट्याला जाते, मुसळ आणि विहिरीचे पाणी. ताटात भाताचा डोंगर असे, पण तो अंगावर चढावयास फुरसतच मिळत नसे. पुढे खोपोलीला कारखाने वाढले, आम्ही खुर्चीवर बसलो, दारात दुचाकी आली, जात्याचे काम गिरणीने आणि पाण्याचे काम नळाने केले. एक गोष्ट मात्र बदलली नाही, ती म्हणजे भाताचा डोंगर. यात कोणाचा अपराध आहे असे मला वाटत नाही. कष्ट कमी व्हावेत म्हणूनच तर आईबापांनी आम्हांला शाळेत घातले होते! पण त्याची किंमत आज घरोघरी मोजली जात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत प्रौढ माणसांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आढळला आणि १५.३ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले आढळले. याच पहिल्या संख्येत माझा धाकटा भाऊ आहे. दुसऱ्या संख्येत मी आहे.

आता भावाची गोष्ट सांगतो. ती सांगण्याची त्याची अनुज्ञा मी घेतली आहे. तो समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे, आणि मी काही चुकीचे सांगितले तर तो उठून मला दुरुस्त करील, इतका त्याचा स्वभाव मला माहीत आहे.

२०१४ सालच्या ज्येष्ठात, म्हणजे जूनच्या प्रारंभी, डॉक्टरांनी त्याला वजन थोडे उतरविण्यास सांगितले. त्या वेळी तो एक्क्याऐंशी किलोंचा होता. त्याने फार मोठा संकल्प केला नाही. दिवसाचे चार चहा तो घेई आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असे. ती साखर तेवढी त्याने सोडली. बाकी जेवण तसेच, काम तसेच. दर रविवारी दवाखान्यातील काट्यावर जाऊन तो वजन करून येई आणि मुलीच्या जुन्या वहीत आकडा लिहून ठेवी. आठ महिने हा क्रम त्याने चालविला. माघात आमच्या आतेबहिणीच्या मुलीचे लग्न निघाले. पंगतीत जिलबी आली तेव्हा त्याने ताटावर हात आडवा धरला. कोणीतरी विचारले, "काय, किती उतरले?" तो म्हणाला, "अडीच किलो." "आठ महिन्यांत?" असा प्रश्न आला, आणि त्याच्या शेजारी बसलेला एक मनुष्य मोठ्याने म्हणाला, "अरे, एवढे तर हजामत केली तरी उतरते!" सगळी पंगत हसली. भाऊही हसला. त्याने हात बाजूला घेतला, जिलबी ताटात पडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घरात सांगितले, "माझा नेहमीचा चहा कर."

बंधुभगिनींनो, शेजारी बसलेला तो मनुष्य मीच होतो.

२०१९ साली भावाच्या उजव्या पायाला साधी चप्पल चावली. जखम भरेना. तपासले तेव्हा रक्तातील साखर किती तरी वाढलेली निघाली, आणि शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली. त्याने तो बिनसाखरेचा चहा चालूच ठेवला असता तर हे टळले असते, असे मी म्हणत नाही. तसे कोणालाच म्हणता येणार नाही. परंतु त्याच्या हातून चाललेले एक चांगले काम मी पंगतीत बसून मोडले, एवढे मात्र निश्चित. आणि ते काम फसलेले नव्हतेच, हे मला सात वर्षांनी कळले.

ते कसे कळले ते ऐका. २०२२ साली माझ्याही रक्तात साखरेने डोके वर काढले. तेव्हा माझी पुतणी, म्हणजे याच भावाची मुलगी, जी आता परिचारिका आहे, ती मला समजावण्यास घरी आली होती. मी तिला आपला हिशेबनिसी खाक्या दाखविला. म्हटले, मला नेमका हिशेब सांग. किती सोडले तर किती उतरते आणि किती दिवसांत? ती म्हणाली, "काका, एक जुना हिशेब आहे आणि एक नवा." जुना हिशेब असा की, अंगावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक, तेवढे कमी खाल्ले की एक किलो उतरले. हा हिशेब कित्येक वर्षे पुस्तकांतून छापला गेला. त्यात खोट अशी की, देहाचा खर्च कायम तेवढाच राहील असे त्यात धरलेले आहे. वस्तुतः घरात येणारा पगार घटला म्हणजे शहाणा कर्ता जसा खर्चाला कात्री लावतो, तसेच देहही करतो. वजन उतरले की तेच चालणे, तेच उठणे-बसणे कमी खर्चात होऊ लागते. शिवाय नकळत आपण हालचालही आखडती घेतो. २०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सारे जमेस धरून नवा हिशेब मांडला. त्याचे सार असे की, रोजच्या आहारातून सुमारे २४ उष्मांक कायमचे वगळले तर अखेरीस वजन साधारण एक किलोने उतरते. पण त्यातील निम्मे उतरावयास वर्ष लागते, आणि बहुतेक सगळे उतरावयास तीन वर्षे.

मी पेन्सिल घेतली. समोर उदाहरण तेच आले, दुसरे सुचलेच नाही. चार चहा, आठ चमचे, चाळीस ग्रॅम साखर; म्हणजे रोजचे १६० उष्मांक. जुन्या हिशेबाने आठ महिन्यांत पाच किलो उतरावयास हवेत. नव्या हिशेबाने तीन वर्षांअखेर साडेसहा किलोंच्या जवळपास. पहिल्या वर्षी सव्वातीन. आणि आठ महिन्यांत...? पुतणीने आणि मी दोघांनी वेगवेगळा हिशेब केला. उत्तर अडीच किलो आले.

ती काही बोलली नाही. मीही काही बोललो नाही. हा सरासरीचा हिशेब आहे, प्रत्येकाच्या देहाला तो तंतोतंत लागू पडत नाही, हे मला मान्य आहे. परंतु ज्या आकड्याला पंगत हसली होती तो आकडा जेथे असावयास हवा होता तेथेच होता. मनुष्य वाटेवर बिनचूक चालला होता, आणि आम्ही त्याला सांगितले की तू हललाच नाहीस.

येथे आपणांपैकी पुष्कळांच्या मनात येईल की, अमक्याचे तर पहिल्या आठवड्यातच दोन किलो उतरले होते. खरे आहे. पण ते दोन किलो बहुतांशी पाणी होते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक लहानसा साठा असतो आणि तो आपल्या वजनाच्या तिप्पट पाणी धरून बसतो. खाणे एकदम तोडले की तो साठा सरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जाते. काटा झरझर खाली येतो, माणूस हुरळतो, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खरी चरबी आपल्या गतीने उतरू लागली की त्याला वाटते, आता काही होत नाही. उलट बाजूही तशीच. आदल्या रात्री सुक्या बोंबलाचे कालवण, लोणचे आणि पापड झाले असतील तर मिठाने धरलेल्या पाण्याने सकाळी काटा किलोभर वर दिसतो. स्त्रियांच्या बाबतीत महिन्याच्या विशिष्ट दिवसांतही असेच होते. एका दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे होणारा हा काटा, आणि महिनाभरात खरोखर उतरणारे वजन पावशेर! खांडीच्या तराजूत हळद-कुंकू मोजावयास बसल्यासारखे हे आहे. म्हणून रोज काट्यावर उभे राहणाऱ्या माणसाची निराशा ठरलेलीच. मी आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, काही खाण्यापूर्वी वजन करतो. आणि त्या आकड्याकडेही लक्ष न देता चार आकड्यांची सरासरी काढून मागील महिन्याच्या सरासरीशी ताडून पाहतो. हिशेबनिसाचा हा एक गुण या कामी उपयोगी पडला.

भूक हा दुसरा शत्रू. याच हॉल यांच्या संशोधनाप्रमाणे एक किलो वजन उतरले की देहाचा दिवसाचा खर्च वीस-तीस उष्मांकांनी घटतो, पण भूक मात्र शंभर उष्मांकांनी वाढते. याचा अर्थ असा की, पाच किलो उतरलेला माणूस पहिल्या दिवसापेक्षा अधिक भुकेला असतो. आणि लोक म्हणतात, याचा निग्रह ढिला पडला! निग्रह तेवढाच असतो, ओझे वाढलेले असते. आपल्या शेकडो पिढ्या दुष्काळ सोसून येथवर आल्या. त्या दुष्काळांत जगलेल्या देहाला आपण मुद्दाम कमी खातो आहोत हे कसे समजावे? तो आपला अवर्षणाची तयारी करीत राहतो. आपल्या जुन्या वैद्यांनी हे ओळखले होते. चरकसंहितेत अतिस्थूलाच्या उपचाराचा विचार आहे. दोन्हींत स्थूलतेपेक्षा कृशता बरी, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे; आणि व्यायाम, जागरण वगैरे जे उपाय सांगितले आहेत ते क्रमाक्रमाने वाढवावेत असे सांगितले आहे. एकदम नव्हे. 'एका महिन्यात दहा किलो' अशी पाटी चरकाच्या दारावर नव्हती. अशा पाटीच्या एका शहरी संस्थेत मी स्वतः पैसे भरून आलो आहे, हेही प्रांजळपणे सांगतो. संस्थेचे नाव सांगत नाही. पहिल्या महिन्यात पाच उतरले आणि पुढच्या चार महिन्यांत सहा चढले.

आपण भाताच्या मुलखातील माणसे आहोत, म्हणून मला सुचलेली गोष्ट आपणांस लगेच पटेल. माळाच्या उंच खाचरात आपण हळवे भात लावतो आणि खालच्या पाणथळ खाचरात गरवे. हळवे साडेतीन महिन्यांच्या आसपास कापणीला येते. गरव्याला साडेचार, कधी पाच महिने लागतात. दसऱ्याच्या सुमारास हळव्याची कापणी चालते, तेव्हा गरवे कोठे नुकते पोटरीतून निसवत असते. त्या वेळी शेजाऱ्याचे भात खळ्यात आले म्हणून आपले हिरवे भात उपटून टाकणारा शेतकरी खालापूर तालुक्यात तरी मी पाहिलेला नाही! तो बांधावर जातो, पाणी बघतो, खेकड्याने बांध पोखरला असेल तर चिखल थापतो आणि घरी येतो. देहाचेही तसेच आहे. काहींचे शरीर हळवे असते, काहींचे गरवे. वय, आनुवंशिकता, झोप, चालू असलेली औषधे, बायकांच्या बाबतीत बाळंतपणे आणि पाळी जाण्याचा काळ, यांवर ते अवलंबून असते. पाणी थांबलेले नाही ना, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो मला माझ्या सौभाग्यवतीने विचारला. "काटा हललाच नाही तर मग सगळे फुकटच ना?" या प्रश्नाचे उत्तर मला चेन्नईहून मिळाले. तेथील डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीय माणसांवर एक मोठा प्रयोग केला आणि २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना नुसता सर्वसाधारण सल्ला दिला त्यांच्यापैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांना आहार व चालणे यांची सवय लावून तिचा पाठपुरावा केला त्यांच्यापैकी ३९.३ टक्क्यांना झाला. आता लक्ष देऊन ऐका: या दुसऱ्या गटातील माणसांचे सरासरी वजन तीन वर्षांत म्हणण्यासारखे घटलेच नव्हते. काटा होता तेथेच होता, आणि तरी कित्येक घरांवरचे संकट टळले किंवा पुढे गेले. चालणाऱ्याचे स्नायू साखर वापरू लागतात, पोटातली चरबी हलते, यकृत सुटसुटीत होते. काट्याला यातले काही दिसत नाही.

काटा आपल्याला किती कमी सांगतो, याचे पुण्याचे एक उदाहरण तर जगभर गाजले आहे. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा स्नेह्यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला जोडीने काढलेला फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दिसावयास सडपातळ असणाऱ्या आपल्या माणसाच्याही पोटात चरबी दडलेली असते, हे डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील आयाबाळांच्या दीर्घ अभ्यासातूनही दाखविले. तेव्हा या मंडपातील सडपातळ मंडळींनी माझ्याकडे पाहून फार सुस्कारे टाकू नयेत.

मग मापायचे कशाने? सुतळीने. आपल्या उंचीएवढी सुतळी कापा, ती बरोबर मध्यावर दुमडा आणि ती दुमडलेली सुतळी बेंबीच्या रेषेत पोटाभोवती फिरवून पाहा. श्वास सहज सोडलेला असावा. पोट आत ओढून फसविण्यात अर्थ नाही, कारण फसवावयाचे कोणाला? टोके जुळली तर ठीक. न जुळली तर कमर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे, आणि काळजी घ्यावयास हवी. समुद्रापलीकडच्या विलायतेतही २०२२ पासून सरकारी आरोग्यमार्गदर्शनात हेच माप सांगितले जाते. माझी सुतळी पहिल्या दिवशी पुरली नाही, मध्ये वीतभर अंतर राहिले. आमच्या घरात दर अमावास्येला ती काढतात आणि सौभाग्यवती माझ्या कमरेच्या मापाची दुसऱ्या सुतळीवर गाठ मारून ठेवते. तीन वर्षांत पहिल्या गाठीपासून शेवटची गाठ पाच बोटे आत आली आहे. ज्या सहा महिन्यांत वजन एक छटाकही उतरले नाही त्या सहा महिन्यांतही गाठ एक बोट सरकली. त्या सुतळीने मला जितके तारले तितके कोणत्याही उपदेशाने नाही.

दुसरे जे मी शिकलो ते असे की, किलो मोजण्यापेक्षा दिवस मोजावेत. किलो माझ्या हाती नाहीत. आज चाललो की नाही, हे माझ्या हाती आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चाललेल्या दिवशी मी गेरूचा ठिपका देतो. ठिपका चुकतो. शिमग्यात चुकतो, गणपतीत तर ओळीने चुकतो, आणि मोदकांचा हिशेब मी हिशेबनीस असूनही ठेवत नाही. पूर्वी एक दिवस मोडला की 'आता पुढच्या सोमवारपासून' असे म्हणून मी सहा दिवस मोकळा सुटत असे. आता नियम एकच: दोन दिवस लागोपाठ चुकवावयाचे नाहीत. आपल्याकडच्या पावसाळ्यात बाहेर चालणे होत नाही, तेव्हा देवळाच्या सभामंडपात फेऱ्या घालतो किंवा घरी नमस्कार घालतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून ते सुरू केले आणि स्वतःही म्हातारपणापर्यंत नित्यनेमाने घातले. माझ्याच्याने बारा होतात. पहिल्या महिन्यात तीन होत होते. ताटातला भात मी बंद केला नाही, कारण भाताविना जेवण मला जेवण वाटत नाही. फक्त वाढण्याचा डाव बदलून लहान वाटी घेतली आणि उरलेल्या जागी वालाचे बिरडे, पालेभाजी आणि नाचणीची अर्धी भाकरी आली.

भगिनींना एक वेगळे सांगावयाचे आहे. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. उरलेले टाकवत नाही म्हणून ती भूक नसताना दोन घास जास्त खाते, आणि वजन वाढले म्हणजे पुन्हा तिलाच ऐकवले जाते. पुरुषाला चालावयास जाताना कोणी 'कोठे निघालास' असे विचारीत नाही. सुनेने पायांत बूट घातले तर अंगणातून चार माना वळतात. ही अडचण निग्रहाने सुटणारी नाही. ती सासूने आणि नवऱ्याने सोडवावयाची आहे. माझ्या घरी ती सुटली ती अशी की, आम्ही दोघे बरोबर जेवावयास बसू लागलो आणि उरलेला भात सकाळी गाईला जाऊ लागला. सांगावयास एवढीशी गोष्ट, पण ती रुळावयास वर्ष गेले, आणि पहिले काही महिने मलाच ताटावर चुकल्यासारखे वाटे.

औषधांविषयी थोडक्यात बोलतो. २०२५ सालापासून वजन उतरविणारी, आठवड्याला एकदा टोचावयाची नवी औषधे आपल्या देशातही मिळू लागली आहेत. ती गुणकारी आहेत आणि कित्येकांना त्यांची खरीच गरज असते. त्याचा निर्णय डॉक्टरांनी करावा, शेजाऱ्यांनी नव्हे. मात्र त्यांतील एका औषधाच्या अभ्यासात असे दिसले की, ते थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. म्हणजे धीराची गाठ तेथेही सुटत नाही. आणि ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना न विचारता उपासतापास आरंभू नयेत. काही न करता वजन आपोआप उतरू लागले तर आनंद न मानता आधी तपासणी करून घ्यावी. ती यशाची नव्हे, आजाराची खूण असू शकते.

आता या सभेपुढे माझी एक सूचना आहे. ठरावाच्या रूपाने मांडण्याचा माझा अधिकार नाही, पण कार्यकारी मंडळाने तिचा विचार करावा. आपल्या लग्नकार्यांत, पंगतींत आणि संमेलनांत भेटलेल्या माणसाला 'किती उतरले?' हा प्रश्न विचारू नये. विचारावयाचेच असेल तर 'चालणे चालू आहे ना?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला माझ्या भावापाशी हसण्याजोगे उत्तर होते. दुसऱ्या प्रश्नाला त्याच्यापाशी आठ महिन्यांचे अभिमानाचे उत्तर होते, पण तो त्याला कोणी विचारलाच नाही. तसेच ताटावर आडवा धरलेला हात हा यजमानाचा अपमान समजू नये. आपल्यात आग्रहाला फार मान आहे, आणि तो असावाही. पण तो एकदा करावा. जिलबी ही काही सत्याग्रहाची वस्तू नव्हे.

भावाची ती वही अजून आहे. परवा त्याने ती शोधून काढली. शेवटचा आकडा ७८.५, आणि त्याखाली दहा कोरी पाने आहेत. गेल्या श्रावणापासून त्याने पुन्हा बिनसाखरेचा चहा सुरू केला आहे. पायाला खास जोडा करून घेतला आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तो सकाळी थोडे चालतो. किती उतरले ते मी त्याला विचारलेले नाही.

उद्या संमेलनाचा दुसरा दिवस. पहाटे साडेपाच वाजता आम्ही दोघे या मंडपाच्या दाराशी उभे राहणार आहोत. पायाच्या मानाने चालावयाचे असल्यामुळे वेग मंद राहील, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी यावे. वजनकाटा आणलेला नाही. सुतळीचे बंडल माझ्या पिशवीत आहे, ज्याला हवी त्याने आपल्या उंचीची कापून न्यावी. परतल्यावर चहा आहे. साखर वेगळ्या भांड्यात ठेवण्यास आचाऱ्याला सांगितले आहे.